परतीचा प्रवास नक्की कुठे संपतो?

परतपावली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

७ वर्षं परदेशात राहून आम्ही तिघं, मी, नवरा आणि तिथेच जन्मलेली ५ वर्षांची लेक, कायमचे परत आलो. आज एकोणिसावा दिवस. दारापासून दारापर्यंत ३१ तास लागले. दोन विमानं, मधल्या विमानतळावर ७ तास ताटकळणं आणि ६ मोठ्या बॅगा. त्यातल्या ५ आमच्याबरोबर पोचल्या, सहावी चौथ्या दिवशी आली.

निघायच्या दिवशी घर पार रिकामं झालं होतं. शेवटचे दोन तास आम्ही भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. सामान गेलं की खोलीत आवाज घुमतो. लेकीला त्याची एवढी गंमत वाटली की ती आपलंच नाव पुन्हा पुन्हा ओरडून बघत होती. मग खाली उतरलो, किल्ल्या पत्रपेटीत टाकल्या. टॅक्सीत बसल्यावर सवयीने पर्समध्ये हात घातला तर बोटांना नुसतं कडं लागलं. पुढचे ३१ तास माझ्याकडे जगातल्या कुठल्याच घराची किल्ली नव्हती. पासपोर्ट होते, बोर्डिंग पास होते, लेकीच्या ओल्या कपड्यांची पिशवी होती.

खरं सांगू? तो वेळ मला आवडला. मधल्या विमानतळावरचे ७ तास तर फारच. लेक तीन खुर्च्यांवर आडवी झोपली होती, नवरा घोरत होता, आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. तिथली कामं संपली होती, इथली अजून सुरू व्हायची होती.

इथे उतरल्यावर आई लहान दिसली. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, उंची दिसत नाही. ती माझ्या खांद्याला लागते हे मला विमानतळावर, मिठी मारल्यावर कळलं.

पहिल्या रात्री लेकीने सगळ्या खोल्या फिरून बघितल्या आणि म्हणाली, "छान आहे. आता घरी कधी जायचं?" नवरा हसला. मला नाही हसता आलं.

आता परिस्थिती अशी आहे की पहाटे तीनला टक्क जाग येते. अंधारात दिव्याचं बटण उजव्या हाताला चाचपते, ते डावीकडे आहे. रस्ता ओलांडताना भलत्याच बाजूला बघते, एकदा तर थोडक्यात वाचले. फोनवर अजून दोन घड्याळं आहेत. ती सहावी बॅग अजून उघडलेली नाही. का, ते विचारू नका.

तुम्ही परत आलात तेव्हा "पोचलो बुवा" असं कधी वाटलं? किती दिवसांनी?

---

खवचट

७ वर्षं गेलात, ३१ तासांत आलात, आणि १९ दिवसांत सगळं जागच्या जागी हवंय. घाई कुणाला आहे नक्की?

---

घड्याळजी

खवचटराव, दमानं घ्या. ताईंनी पहिलाच धागा काढलाय.

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण कामानिमित्त वर्षातून आठ-दहा वेळा हा जेट लॅगचा (लांबच्या विमानप्रवासाने शरीराचं घड्याळ बिघडण्याचा) छळ सोसत असल्यामुळे त्याबद्दल बरंच वाचलंय. ताई, दिशा आणि वेळेतला फरक लिहिला नाहीत. पूर्वेकडे आलात असं धरतो.

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तेच शरीराचं मुख्य घड्याळ. त्याचा स्वतःचा दिवस सरासरीने २४ तासांपेक्षा दहा-बारा मिनिटांनी मोठा असतो. म्हणजे शरीराचा कल मुळातच उशिरा झोपण्याकडे. पश्चिमेला गेलं की दिवस लांबतो, ते त्याला मानवतं. पूर्वेला आलं की दिवस आखडतो आणि तिथे गाडी अडते. दर टाइम झोनला साधारण एक दिवस हा ढोबळ हिशेब, पूर्वेकडे थोडा जास्त धरायचा.

पोचल्या पोचल्या "सकाळच्या उन्हात बसा" असं सगळे सांगतात. फरक मोठा असेल तर हा सल्ला चक्क उलटा पडू शकतो. नेहमीच्या जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्या क्षणानंतर उजेड मिळाला तर घड्याळ पुढे सरकतं, त्याआधी मिळाला तर मागे. समजा तिकडे तुम्ही ७ ला उठत होतात. तापमानाचा तळ साडेचारच्या आसपास. ९ तास पूर्वेला आलात तर तोच तळ इथे दुपारी दीडला येतो. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी बाहेर पडायचं तर काळा चष्मा लावायचा, आणि उजेड घ्यायचा तो दुपारनंतर. मग रोज तासा-दीड तासाने ती वेळ अलीकडे ओढायची. हे न करता सकाळचं ऊन खाल्लं की काहींचं शरीर ९ तास पुढे यायच्या ऐवजी उलटं १५ तास मागे जायला निघतं. लांबचा रस्ता.

शिवाय यकृत, आतडी यांची आपापली घड्याळं असतात आणि ती जेवणाच्या वेळांवर चालतात. म्हणून झोप ताळ्यावर आली तरी भूक मध्यरात्रीच लागते. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

पण ताई, १९ दिवस म्हणजे पुरेसा वेळ झाला. आता तीनला जाग येतेय त्याचं खापर मी तरी विमानावर फोडणार नाही. बाकीचं इतर मंडळी सांगतील, माझा तो प्रांत नव्हे.

---

परतपावली (धागाकर्ती)

हो, पूर्वेकडेच. आणि ९ तासच! पहिल्या दिवशी सकाळी मला सगळ्यांनी हट्टाने गच्चीत उन्हात बसवलं होतं. आता कळलं.

खवचट, घाई मलाच आहे. बरोबर पकडलंत.

---

दोन_बॅगा

सहाव्या बॅगेवरून लिहितो. ती न उघडण्यामागच्या भावना मला समजतात, पण ताई, आजच्या आज उघडा. बॅग उशिरा आली तर तक्रार लेखी, आणि ती हातात पडल्यापासून २१ दिवसांच्या आत करायची असते. आतलं काही मोडलं-फुटलं असेल तर मुदत फक्त ७ दिवस. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल करारात (१९९९) हे स्पष्ट लिहिलंय आणि बहुतेक देशांनी तो मान्य केलाय. तुमचे ७ दिवस गेलेच, पण उशिरापायी जे खरेदी करावं लागलं त्याची पावती असेल तर अजून वेळ आहे. विमानतळावर पीआयआर (सामान न आल्याच्या तक्रारीचा फॉर्म) भरला होतात ना? तो नंबर जपून ठेवा. भरपाईची कमाल मर्यादा एसडीआर या हिशेबी एककात असते. डिसेंबर २०२४ पासून ती माणशी १,५१९ एसडीआर आहे. मर्यादा म्हणजे तेवढे मिळतातच असं मात्र नव्हे.

हे सगळं मला पाठ असायचं कारण असं की कायमचं परतताना माझ्या दोन्ही बॅगा गेल्या. त्या कंपनीचं नाव घेत नाही. २१ दिवस उलटूनही सामान आलं नाही की प्रवासी ते हरवलं असं धरून हक्क मागू शकतो, हे मला बाविसाव्या दिवशी कळलं. त्या बॅगांमध्ये काय होतं याची यादी करायला बसलो तेव्हा पहिल्या पानात सगळे कपडे संपले. मग तीन दिवस काही ना काही आठवत राहिलं. कार्यालयातल्या लोकांनी सह्या केलेला कप. एक दगड. दगडाची किंमत कॉलममध्ये काय लिहायची?

अजून एक, धाग्यावर पुढे येणाऱ्यांसाठी: सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर एकाच तिकिटावर पुढे पोचवायची जबाबदारी त्यांची असते. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून घेतलीत तर दुसऱ्या विमानाच्या लेखी तुम्ही नुसतेच न आलेले प्रवासी. आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, ती हातातल्या सामानातच न्यावी लागते. कायमचं सामान बांधताना हमखास चुकतं.

---

दर्यावर्दी

धागा वाचून राहवलं नाही. बोटीवर उभं आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे.

घड्याळजींनी जे लिहिलं त्याचा आम्हा बोटीवाल्यांना त्रासच नव्हता. बोट पूर्वेकडे निघाली की एखाद्या रात्री घड्याळ तासभर पुढे, मग काही दिवसांनी पुन्हा तासभर. पश्चिमेकडे जाताना मागे. मागे करायची रात्र सगळ्यांच्या आवडीची, एक तास झोप फुकट. असा महिनाभरात माणूस अख्खं जग ओलांडायचा आणि शरीराला पत्ता लागायचा नाही. बंदर जवळ आलं की मात्र झोप उडायची. त्याला आमच्यात चॅनल फीवर म्हणतात. कप्तानापासून भांडी घासणाऱ्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांना होतो. माणसं चौथ्यांदा दाढी करतात, बॅग भरतात, उपसतात, परत भरतात.

पुढे साइन ऑफ करून (करार संपवून बोट सोडून) विमानाने घरी यायला लागलो तसं ते सगळं बिनसलं. आज सकाळी इंजिनरूममध्ये, उद्या सकाळी घरच्या पलंगावर. बायको म्हणायची, पहिले चार दिवस तुम्ही घरात वॉच ठेवल्यासारखे फिरता.

२०२० मध्ये तर वेगळंच रामायण झालं. महासाथीमुळे बंदरं उतरू देईनात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजाने ४ लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते. माझा पुतण्या त्यातला एक. सहा महिन्यांचा करार, अकरा महिने झाले. दोनदा बॅग भरून गँगवेपाशी (बोटीवरून उतरायच्या शिडीपाशी) उभा राहिला आणि दोनदा परत केबिनमध्ये गेला. शेवटी घरी आला तेव्हा आठवडाभर बॅगेची चेन लावलेलीच होती. ताई, तुमच्या सहाव्या बॅगेवरून आठवलं.

एक जुनी गोष्ट सांगून थांबतो. मॅगेलन हा नाविक १५१९ मध्ये स्पेनहून पाच जहाजं घेऊन निघाला, वाटेत मारला गेला. १५२२ च्या जुलैमध्ये उरलेलं एकच जहाज, व्हिक्टोरिया, पृथ्वीला फेरी मारून केप व्हर्दे बेटांशी लागलं. जहाजावरच्या नोंदीप्रमाणे बुधवार होता. किनाऱ्यावरचे लोक म्हणाले, गुरुवार. जहाजावरच्या पिगाफेट्टा नावाच्या गृहस्थाने रोजच्या रोज टिपण ठेवलं होतं, एक दिवस चुकला नव्हता, त्यामुळे त्याचा विश्वासच बसेना. पश्चिमेकडे जात जात सूर्याबरोबर फेरी मारल्यामुळे एक अख्खा दिवस वाटेत गळाला होता. सप्टेंबरमध्ये ते जहाज स्पेनला पोचलं तेव्हा त्यावर १८ जण उरले होते.

एवढी उपासमार सोसून आलेला माणूस, आणि त्याला खटकत होता तो वार!

---

मनमोकळी

दर्यावर्दी काका, तुम्ही वेगळा धागा काढाच.

परतपावली, मी ४ वर्षांनी परत आले होते आणि जायच्या वेळेपेक्षा यायच्या वेळी जास्त त्रास झाला. जाताना सगळे बजावतात, नवा देश आहे, जड जाईल, सांभाळून राहा. येताना कुणी काही सांगत नाही, कारण घरीच तर चाललीयेस! गलहॉर्न नावाच्या समाजशास्त्रज्ञ नवरा-बायकोने १९६३ मध्ये याची मांडणी केली होती. परदेशी गेलेल्या माणसाचं मन आधी वर, मग खाली, मग हळूहळू वर असं इंग्रजी यू अक्षरासारखं जातं हे आधीच मांडलं गेलं होतं. या दोघांनी परतलेल्यांकडे पाहून त्याला दुसरा यू जोडला, म्हणजे डब्ल्यू झाला. मला हे आल्यावर दीड वर्षाने वाचायला मिळालं. आधी मिळतं तर नवऱ्याशी निम्मी भांडणं झाली नसती.

सगळ्यात जास्त लागलं ते हे, की कुणाला ऐकायचंच नव्हतं. "मग, कसं होतं तिकडे?" असं विचारतात आणि दोन मिनिटांत विषय बदलतो. त्यांचं चूक नाही म्हणा. माझ्या चार वर्षांत त्यांच्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. आणि मी तरी त्यांच्या चार वर्षांतलं काय विचारलं?

दुसरं म्हणजे "तिकडे ना..." हा रोग. बँकेत रांग दिसली की तिकडे ना, बस चुकली की तिकडे ना. माझ्या भावाने शेवटी भिंतीवर कागद लावला आणि प्रत्येक "तिकडे ना"ला एक रेघ मारायला लागला. पहिल्या दिवशी २३. मी रागावून दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण कमी झालं हो.

आणि गंमत बघा, तिकडे असताना मी "आमच्याकडे ना..." करायचे.

---

घड्याळजी

+१. अवांतर: ज्या वाऱ्यामुळे पूर्वेकडचं विमान लवकर पोचतं ना, त्या उंचावरच्या जेट प्रवाहाची मोजमापं जपानी हवामानतज्ज्ञ ओइशी यांनी १९२० च्या दशकात केली होती. जगाला कळावं म्हणून अहवाल एस्पेरांटो या, सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला. परिणामी जगाला कळलाच नाही. मनमोकळी यांचं "कुणाला ऐकायचंच नव्हतं" वाचून आठवलं.

---

अर्धी_इकडची

मी एरवी लिहीत नाही. तुमच्या लेकीसाठी लिहितेय.

मी ती मुलगी होते. ६ वर्षांची असताना आईबाबा मला घेऊन "परत" आले. मी कशी परत येणार? मी तर पहिल्यांदाच येत होते. मीही विचारलं होतं, घरी कधी जायचं. आई दमलेली होती, तिने जरा जोरात सांगितलं, "हेच आपलं घर." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. मग मी विचारायचं बंद केलं, आणि सगळ्यांना वाटलं की मी रुळले.

तिला "हेच घर" असं लगेच पटवू नका. त्या घराबद्दल बोलू द्या. माझ्या आजीने एकदा मला कागद दिला आणि म्हणाली, तुझं तिकडचं घर काढून दाखव, मी कधी पाहिलं नाही. दार कुठे, पलंग कुठे, खिडकीतून काय दिसायचं. तासभर काढत होते. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

---

वळसा

थोडा वेगळा सूर लावतो. आम्ही कायमचे परत आलो आणि १४ महिन्यांनी पुन्हा गेलो. सध्या तिकडूनच लिहितोय. पहिले सहा महिने "सवय होईल" म्हणून काढले, पुढचे आठ "लोक काय म्हणतील" म्हणून. यातले दुसरे आठ निव्वळ वाया गेले.

तुम्हीही परत जा असं म्हणत नाही. फक्त परतीचे दोर लगेच कापू नका. तिथली कागदपत्रं, लेकीचे लसीकरणाचे आणि शाळेचे दाखले, नोकरीची पत्रं, सगळं एका फायलीत लावून ठेवा. वर्षभर कुणालाही "कायमचे" हा शब्द वापरू नका, स्वतःशी तर नकोच.

---

खवचट

वळसा, हे मात्र पटलं.

आता मीही एक गोष्ट सांगतो, नाहीतर सगळे म्हणतील हा नुसता टोचतो. सर्गेई क्रिकाल्योव्ह नावाचा सोव्हिएत अंतराळवीर मे १९९१ मध्ये मीर या अंतराळ स्थानकावर गेला. पाच महिन्यांनी परतायचा होता. खाली देशात उलथापालथ चाललेली, त्याला सांगितलं, थांब जरा. तो वर फिरत असताना त्याच्या गावाचं नाव लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग झालं, आणि डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघ नावाचा देशच संपला. मार्च १९९२ मध्ये, ३११ दिवसांनी, बाबा उतरला तो कझाकस्तानात. गेला तेव्हा ते घर होतं, आला तेव्हा परदेश.

ताई, तुमची आई लहान झाली, दिव्याचं बटण हललं. आपल्या सगळ्यांचं थोड्याफार फरकाने तेच झालंय.

आणि फोनवरच्या दोन घड्याळांबद्दल: माझ्या फोनवरही आहेत. परत येऊन ११ वर्षं झाली. तिथे आता कुणी ओळखीचं राहिलेलं नाही. काढायचं म्हटलं की वाटतं, असू दे, जागा खातंय कुठे.

---

मनमोकळी

खवचट, तुम्ही? तुम्ही??

---

परतपावली (धागाकर्ती)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. एकेकाला उत्तर देत बसले तर पुन्हा तीन वाजतील.

दोन_बॅगा, तुमच्या धाकाने तक्रार नोंदवली, मुदतीच्या दोन दिवस आधी. पावत्या नवऱ्याच्या पाकिटात निघाल्या.

अर्धी_इकडची, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून कपाटातून जुन्या कॅलेंडरचं पान काढलं आणि लेकीपुढे पाठकोरं ठेवलं. लेकीने घर काढलं. त्यात मी किल्ल्या टाकल्या ती पत्रपेटी सगळ्यात मोठी आहे, दारापेक्षा मोठी. आणि खोलीत काहीच सामान नाही. आई म्हणाली, अगं पलंग वगैरे कुठे आहे? तर म्हणे, "रिकामं असलं की नाव परत ऐकू येतं." तिच्या ते एवढं लक्षात राहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग सहावी बॅग उघडली. फुटलेलं काही नाही. पाच बॅगांमध्ये जे कुठेच बसलं नाही ते सगळं तिच्यात कोंबलं होतं: उशीचे अभ्रे, दोन अर्धवट रंगवलेली पुस्तकं, एका पायातला मोजा, आणि बाथरूमच्या दाराचा हुक. हा हुक मी का काढून आणला, देव जाणे. घरमालकाचा होता तो.

काल रात्री मात्र सलग झोप लागली, सव्वासहापर्यंत. उठून अंधारात हात डावीकडे गेला. बटण सापडलं, तेवढ्यात वीज गेली.

---

खवचट

हुक परत पाठवा. पोस्टाने.

---

दर्यावर्दी

अजिबात पाठवू नका. इथल्या बाथरूमच्या दाराला लावा.